घंट्या वाजत असताना

६ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घरी बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती. आता जे घडलं तेवढंच क्रमाने लिहिते.

१. रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही आणि आई पुढच्या खोलीत बसलात. मी संगीत आस्वादाच्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं. नियम आमच्या बाईंचा: डोळे मिटायचे, नवं वाद्य आलं की बोट वर करायचं. घरच्या दोघांना ऐकवून टिपण आणायचं होतं.

२. ढोल, मग व्हायोलिनं, मग तुतारी. दोघांची बोटं बरोबर. तुमचं प्रत्येक वेळी आईच्या आधी.

३. शेवटी बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त बारीक घंट्या उरतात. आईचं बोट वर गेलं. तुमचं गेलं नाही.

४. घंट्या वाजत असताना तुम्ही डोळे उघडलेत, छान होतं पण मध्येच तुटलं असं म्हणालात, आणि पाणी प्यायला उठलात.

५. आई हसली. तिला वाटलं तुम्ही मजा करताय.

६. संध्याकाळी मी तोच भाग तुमच्या पाठीमागे, आवाज वाढवून लावला. तुम्ही वर्तमानपत्र वाचत राहिलात.

हा विषय मी केवळ सक्तीचा म्हणून घेतला, हे तुम्हाला माहीत आहे. यंत्रं शिकणाऱ्या पोरांना गाणं कशाला, असं तुम्हीच म्हणाला होतात. परवा टिपण वाचल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं आणि बाबा काय काम करतात असं विचारलं. मोठ्या आवाजात बरीच वर्षं काढलेल्या माणसाचे आधी वरचे स्वर जातात, खालचे शाबूत राहतात, त्यामुळे त्याला आपलं काही गेलंय हेच कळत नाही, असं त्या म्हणाल्या.

एकदा कान तपासून घ्या. आईला नमस्कार सांगा.

आपली,
मुलगी

---

११ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. क्रमांक बघून आधी वाटलं, कारखान्यातून नोटीसच आली. आईने काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, पोरगी गाणं शिकायला गेली आणि बापाचा कान पकडून आली!

अगं, घंट्यांवाचून माझं काय अडलंय? मी काय बँडमास्तर आहे? लांब स्क्रूड्रायव्हर मशीनच्या अंगाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो, आणि आत काय चाललंय ते सांगतो. तुझ्या पुस्तकात हे नसेल. मी ठीक म्हटलं की साहेबसुद्धा पुन्हा विचारत नाहीत. या कानांवर घर चाललं, तुझं कॉलेजही त्यांच्यावरच चालू आहे.

उलट एक चांगली बातमी ऐक. मोठा ब्लोअर आठवतो ना, हवा फेकणारा तो राक्षसी पंखा? लहानपणी डबा द्यायला यायचीस तेव्हा त्याच्या किंचाळण्याने कानांत बोटं घालायचीस. उन्हाळ्यापासून ते किंचाळणं बंद झालंय. आपोआप! बेअरिंगला कोणी हातसुद्धा लावला नाही. म्हातारपणी मशीनलाही अक्कल येते म्हणायची. दुसऱ्या पाळीचा फिटर म्हणतो, अजून किंचाळतोय, उलट वाढलंय. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, अरे बाबा, सकाळी बायको ओरडली असेल, ते कानात राहिलंय. सगळे पोट धरून हसले. आता बोलत नाही बिचारा.

कागदाची नवी लाइन सुरू होतेय. त्यासाठी शुक्रवारी, २१ तारखेला, तोच ब्लोअर पहिल्यांदा पूर्ण वेगाने चालवायचा आहे. शेजारी मी उभा राहणार, माझ्याबरोबर आणखी तिघं. साहेब म्हणाले, तुमचा कान असल्यावर आम्हाला काळजी नाही.

तेव्हा हे कानाचं कोणाजवळ बोलू नकोस. बाहेर फुटलं तर मला दारावर खुर्ची टाकून देतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायला. आणि फोन करण्यापेक्षा पत्रच लिहीत जा. कॉलेजात गेल्यापासून तू फार पुटपुटतेस, निम्मं कळत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. जीव आहे, तो असाच ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. मी आई लिहितेय. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही चार अक्षरं. मागे मला ताप होता तेव्हा थर्मामीटर टीटी करत होता आणि हे शेजारी बसून मला विचारत होते, वाजला की सांगशील ना. मला वाटलं, आजारी माणसाला हसवताहेत. तुझं पत्र वाचल्यापासून ते सारखं आठवतंय. यांना विचारलं तर चिडतात. तूच काय ते बघ.

---

१६ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. फिटरच्या बायकोच्या विनोदावर हसू आलं नाही.

मी पुटपुटत नाही. इथे सगळ्यांना माझं बोलणं कळतं. फोनवर शब्दांतले बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तुम्हाला निम्मंच कळतं.

बेअरिंग आपोआप बरं होत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, पुस्तकाने नंतर. किंचाळणं थांबायला ते बदलावं लागतं, नाहीतर निदान ग्रीस भरावं लागतं. तुम्ही लिहिता की कोणी हात लावला नाही. म्हणजे ब्लोअर किंचाळतोच आहे, आणि फिटर खरं सांगतो. स्क्रूड्रायव्हरने खालची घरघर तुम्हाला अजून नीट कळत असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण जे स्वर कानातूनच गेलेत ते हाडावाटेही येत नाहीत.

आमच्या यंत्रांच्या सरांना मी तुमचं नाव न घेता विचारलं. त्यांनी आधी वेग विचारला, मग माणसं किती अंतरावर उभी राहतात ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, पूर्ण वेगात बेअरिंग गेलं तर पंखा फुटून तुकडे बाहेर उडतात असं म्हणाले, आणि हा कारखाना कुठे आहे असं विचारलं. मी सांगितलं नाही. तुमचा शब्द अजून तरी मोडलेला नाही.

कदाचित माझं चुकत असेल. चुकलं तर तुम्ही मला जन्मभर मोजपट्टी म्हणून चिडवा. पण माझं बरोबर असेल, तर ते शुक्रवारी कळणार आहे, आणि त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी असाल. तुम्ही ठीक म्हणालात म्हणून उभे राहिलेले बाकीचे तिघंही.

दारावर खुर्ची टाकून बसलेले बाबा मला चालतील. सलामही ठोकू देत. तुम्हाला ते अपमानाचं वाटेल हे मला कळतं, आणि तरीही मी हे लिहितेय.

एवढंच करा. साहेबांना सांगून शुक्रवारच्या आत बेअरिंग उघडून घ्या. कानाचं कारण नको असेल तर सांगू नका. फिटरला ऐकू येतंय, त्याचं म्हणणं तपासू या, इतकं पुरे आहे. चारचौघांत त्याला गप्प तुम्ही केलंत, तेव्हा आता त्याला बोलतं तुम्हीच करू शकता.

बेअरिंग उघडल्याचं तुमच्याकडून कळलं नाही, तर शुक्रवारी पाळी सुरू होण्याआधी मी साहेबांना फोन करीन आणि सगळं सांगेन, कानाचंही. मग तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हे धरून चालले आहे.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. राग धरलात तरी माया कमी करू नका.

बेअरिंग उघडलं की नाही, ते गुरुवार, २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत आईला मला फोनवर कळवायला सांगा.

आपली,
मुलगी