बांध नसलेलं मैदान

गुरुजी,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. बातमी मला महिन्यानं कळली, तोवर तुमच्या गावी जाऊन काही उपयोग नव्हता. त्या दिवशी नुसता देवापुढे थोडा जास्त वेळ बसलो. आज सकाळी दिवा लावताना तुमची आठवण आली आणि ती काही केल्या जाईना, म्हणून लिहायला बसलो आहे. सांगण्यासारखं काही घडलंय, आणि ते ज्यांना सांगावं असे तुम्हीच आहात.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात जिमखान्याचा शिपाई म्हणून लागलो, एवढं तुम्हाला माहीत होतं. अजून तिथेच आहे. जाळ्या बांधतो, चेंडूंत हवा भरतो, मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो. खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी फुटबॉलच्या मुलांनीच प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की काकांना खेळ कळतो, काकाच आम्हाला शिकवतील. काका म्हणजे मी. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा बुवा." तेव्हापासून बघतो आहे. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. या वर्षी मात्र पहिले पाच सामने आम्ही हरलो. हरलो म्हणजे थोडक्यात नव्हे, धुऊन निघालो. पाचव्या सामन्यानंतर मॅडमनी बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "शेवटच्या सामन्यात जिंका नाहीतर बरोबरी करा, पण एक तरी गुण आणा. नाहीतर पुढच्या वर्षी फुटबॉलचा संघ उतरवायचा नाही. मुलं अभ्यास तरी करतील." मी मान हलवली. बाहेर अकरा मुलं जिन्यात बसलेली. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

तो पाचवा सामना अंबरनाथला होता. आमचा एक पोरगा उजव्या बाजूनं छान पळत निघाला, समोर दोघे आले, त्यानं चेंडू बाहेरच्या बाजूला मारला आणि स्वतः त्या दोघांना वळसा घालून पुढे धावला. पुढे जाऊन वळून बघतो तर चेंडू रेषेबाहेर, पार गटारापाशी. काठावरची समोरच्या कॉलेजची पोरं ओरडली, "अरे, दीवार घर पे भूल गये क्या?" सगळे हसले. ती पोरं एकदा आमच्याकडे सरावाचा सामना खेळून गेली होती, त्यांना आमचं मैदान माहीत होतं. एका अंगाला कॉलेजची इमारत, दुसऱ्या अंगाला गोदामाची उंच भिंत, आणि मधे अरुंद पट्टा. चेंडू भिंतीवर मारायचा, पुढे धावायचं, भिंतीनं परत दिला की घ्यायचा. पोरं भिंतीला बारावा खेळाडू म्हणतात. आणि हे त्यांना शिकवलं कोणी? मीच. "भिंतीला द्या रे, भिंत चुकत नाही," असं मी दोन वर्षं रोज ओरडत होतो. मोकळ्या मैदानांवरच्या पाचही सामन्यांत आमचा चेंडू सारखा बाहेर जात होता, आणि मी म्हणत होतो की पोरांचा दम कमी पडतो.

त्या हसण्यानं मला एकदम आपलं भाताचं खाचर दिसलं. आपलं म्हणजे आमचंच, सोनिवलीचं, वडिलांचं. भात कापून झालं की जमीन वाळायची, आणि तुम्ही वडिलांना विचारून तिथे शाळेचा खेळ मांडायचात. पायात भाताचे सड टोचतायत, आम्ही अनवाणी, आणि चारी बाजूंना गुडघाभर उंचीचा बांध. चेंडू बांधाला आपटून परत यायचा. सगळ्यांत आधी मीच ते हेरलं. बांधाला चेंडू देऊन पोरांना चकवायचो आणि स्वतःला मोठा खेळाडू समजायचो. मग तुम्ही आम्हाला बदलापूरला तालुक्याच्या सामन्यांना नेलंत. तिथे मोकळं मैदान. मी चेंडू बाहेर मारतोय आणि तो जातोय, जातोय, परत येतच नाही. आठ गोल झाले आपल्यावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही खेळ खाचरातून उचललात आणि गावामागच्या माळावर नेलात. तिथे चेंडू सुटला की उतारावरून थेट ओढ्यात. चारदा पळून आणला आणि मी चिडून म्हणालो, "गुरुजी, इथं सगळा वेळ चेंडू आणण्यातच जातो." तुम्ही घड्याळ बघत म्हणालात, "मग जाऊ देऊ नकोस."

एवढंच. समजावून सांगणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. मला मात्र तो अपमान वाटला.

तर गुरुजी, मीही सराव उचलला. शेवटच्या सामन्याला तीन आठवडे होते. बदलापूरला नदीच्या अंगाला एक मोकळी जागा आहे, तिथे सकाळी सहाला या म्हणालो. पोरं उल्हासनगरहून, अंबरनाथच्या बुवापाड्यातून, डोळे चोळत आली. भिंत नाही, जाळी नाही, चुना तेवढा मी मारलेला. पहिल्याच दिवशी चेंडू पंचवीसेक वेळा झुडपात गेला. मी आणायला जात नव्हतो आणि दुसऱ्या कोणाला जाऊ देत नव्हतो. ज्यानं घालवला त्यानंच आणायचा. आमचा कप्तान, बुवापाड्याचा, तोंडाचा फटकळ, शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काका, आधा टाइम तर बॉल आणण्यातच जातोय. हा फुटबॉल आहे की कुत्र्याचं ट्रेनिंग?" मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मग जाऊ देऊ नकोस." ते शब्द तोंडातून गेले आणि माझ्याच अंगावर काटा आला.

चौथ्या दिवशी सातच जण आले. उजव्या बाजूनं पळणारा तो पोरगा, ज्याच्यावर सगळे हसले होते, तोही नव्हता. त्यानं निरोप पाठवला होता, "काका, पप्पांना सकाळी दुकानात हेल्प लागते." त्याच्या वडिलांचं उल्हासनगरला पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. त्याच दिवशी दुपारी मी तिकडे गेलो. जाताना ठरवलं होतं की वडिलांना हात जोडायचे, तीन आठवडे पोराला सोडा म्हणायचं. पण मी काही बोलायच्या आत तेच गल्ल्यामागून उठले. "आओ साईं, आओ! आप वही ना, फुटबॉलवाले? हमारा लड़का तो सुबह पाँच बजे उठ के निकल जाता है प्रॅक्टिस को. मैं तो दस के पहले शटर नहीं उठाता!" मागे तो पोरगा कापडाचा तागा हातात धरून उभा. पार पांढरा पडला होता. वडील म्हणाले, "अरे, खड़ा क्या है, काका को चाय पिला." त्यानं चहा आणला. वडिलांनी विचारलं, "ठीक खेलता है ना?" मी म्हणालो, "हो. येतो, खेळतो." आणि चहा संपेपर्यंत पडद्यांचे भाव विचारत बसलो.

तिथे त्या दुकानात, गुरुजी, तुम्ही मला दिसलात. आमच्या पडवीत, खाटेवर बसलेले. मीही माळावर यायचं बंद केलं होतं, चार दिवस झाले होते. सांगितलं होतं की वडिलांनी शेतावर कामाला बोलावलंय. त्या संध्याकाळी तुम्ही अचानक घरी आलात. वडील घाबरून म्हणाले, "काय झाला गुरुजी? पोरानं काय केला काय?" मी दाराआड उभा. तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, चहा प्यायला आलो." आणि चहा पिऊन, गुरांची चौकशी करून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी माळावर आलो आणि म्हणालो, "शेतावरचं काम संपलं." तुम्ही म्हणालात, "संपलं का? बरं झालं." आणि चेंडू माझ्याकडे टाकलात.

तो पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्या आधी नदीवर पोचला होता. मी चेंडू त्याच्याकडे टाकला. बाकीच्या तिघांना त्यानंच ओढून आणलं, कसं ते मला माहीत नाही.

काल शेवटचा सामना झाला. सकाळी देवाला हात जोडले, पण गोल मागायला मला लाज वाटते, म्हणून एवढंच म्हणालो की पोरांचे पाय शाबूत ठेव. पहिल्या दहा मिनिटांतच कप्तानानं घाईत चेंडू बाजूला भिरकावला, जुनी सवय, आणि समोरच्यांनी तिथूनच चेंडू आत फेकून पुढच्याच पासवर गोल केला. तो माझ्याकडे बघून स्वतःच्याच कपाळावर मारून घेत होता. मी ओरडलो, "ते राहू दे, उरलेला सामना खेळ!" त्यानंतर तासभर आमच्या पोरांनी चेंडू इतक्या कंजुषीनं सांभाळला, की काठावरची पोरं हसायची थांबली. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असतील. चेंडू उजवीकडे रेषेकडे घरंगळत निघाला, आणि आमचे अर्धे जण तो गेला म्हणून थांबले. तो दुकानवाला पोरगा थांबला नाही. रेषेवर, अगदी चुन्यावर, त्यानं चेंडूवर पाय ठेवला, पायाखालचा चुना उडलेला मला दिसला, तसाच वळला आणि मधे दिला. कप्तानानं नुसता आत ढकलला.

आज मॅडमना निकालाचा कागद दिला. "एकच गुण?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "एकच मागितला होता." त्या हसल्या की नाही ते कळलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीवर सही केली. उद्या सहाला नदीवर या असं पोरांना सांगितलंय. कप्तान म्हणाला, "काका, सीझन संपला ना?" मी म्हणालो, "म्हणूनच."

आमचं खाचर आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे, बांधाच्या जागी गाड्या उभ्या असतात. तुमच्या शाळेची खोली आहे, पण हे पत्र तिथे कोणाच्या हाती देणार? जिमखान्याच्या कपाटात, शिट्टीच्या डबीखाली ठेवीन. पण मिटण्याआधी एक सांगायचं राहिलंय. गुरुजी, तेव्हा शेतावर काम नव्हतं. तुम्हाला ते माहीतच होतं, कारण भात कापून झाल्यावर आठवडाभर आपण त्याच रिकाम्या शेतात खेळत होतो. मी थकलो होतो, आणि मला हसतील याची भीती वाटत होती.