सिसिलीतला पाचवा दिवस

नाशिक, रविवार, मार्च २००४

आज संध्याकाळी यांनी सिसिलीच्या सहलीचा कागद माझ्यापुढे ठेवला. पहिले चार दिवस ग्रीकांची पडकी देवळं, जुनी चर्चेस, मासळीबाजार. पाचव्या दिवशी माझ्यासाठी स्वयंपाकाचा क्लास! "वसुधा, तुला आवड आहे, म्हणून मुद्दाम घातलाय," म्हणाले. आवड? एकतीस वर्षं पोळ्या लाटतेय, त्याला आवड म्हणायचं? वर म्हणतात, "गोडा मसाला घे बरोबर, त्यांना आपली आमटी करून घाल." म्हणजे एवढं विमानात बसून जायचं, ते पुन्हा ओट्यापाशी उभं राहायला. भांडायचं त्राणच नव्हतं. सकाळपासून पाय दुखतायत. हे फिरायला बाहेर पडल्यावर पाचवा दिवस खोडला आणि पेनने, ठसठशीत लिहिलं: आज वसुधा पहिल्या पंगतीला बसेल.