आठ तारखेचा माल

४ फेब्रु.
वाळूजची जुळणी बाराला सुरू. चिकलठाण्याच्या कारखान्याला ब्रॅकेटसाठी तारीख दिली आठ. नेहमीचंच. खरी सांगितली की माल उशिरा येतो. तिन्ही कारखान्यांचं नियोजन असंच करत आलोय. तिथले शिफ्ट इनचार्ज जाधव फोनवर, "साहेब, आठला पोरीचा साखरपुडा हाय, दौलताबादला. दहाला दिला तर?"
"लाइन थांबेल, जाधव."
"मंग ऱ्हाऊ द्या, आठलाच देतो. प्रेसवर डाय माझ्याबिगर कुणाला बसवता येत नाय."

६ फेब्रु.
शेंद्र्याच्या कारखान्यातली भट्टी बंद पडली. त्यांचे भाग पंधराला, म्हणजे वाळूजची जुळणीही पंधरालाच. जाधवांना कळवायला फोन उचलला. पण तारीख एकदा हलली की पुढच्या वेळी कोण मानणार? ठेवला. चहा मागवला.

८ फेब्रु.
संध्याकाळी माल आला. टेम्पोत पुढं जाधव स्वतः, बाह्यांना ऑइल. कार्यक्रम झाला का, असं मी विचारलं. मीच.
"झाला म्हणत्यात. तिच्या मामानं उरकलं. लाइन नाय ना थांबली?"
"नाही."
सुरूच नव्हती.

१३ फेब्रु.
जेवताना सुनंदाला सांगितलं. ती वाढायची थांबली. "चार दिवस हातचे ठेवता ते उशीर करणाऱ्यांसाठी ना? मग वेळ पाळणाऱ्याच्याच घरचं कार्य कसं बुडवलंत?"
उद्या जाधवांना सांगतो म्हटलं.

१४ फेब्रु.
सांगायची वेळच आली नाही. जाधव नमुने घेऊन वाळूजला आलेले. यार्डात उभे. त्यांची खोकी ताडपत्रीखाली, पट्ट्यासुद्धा तोडलेल्या नाहीत. मला बघून रामराम केला. मीही केला. तेवढंच. त्यानंतर दिवसभर प्रत्येक फोनला दचकत होतो.

३ मार्च
जाधवांचा फोन. आवाज नेहमीसारखा.
"साहेब, लग्न बावीस एप्रिलला धरलंय. तवाची तारीख आत्ताच सांगून ठिवा."
या खेपेला खरी सांगितली. चोवीस.
"बरं. म्हंजी अठ्ठावीसला दिला तरी चालतंय."
"नाही हो. चोवीसच."
"व्हय. आठ बी आठच व्हती की."
हसले. लग्नाला वहिनींना घेऊन या म्हणाले.
एप्रिलचं वेळापत्रक उद्या पाठवायचंय. चिकलठाण्यापुढं चोवीस लिहू की वीस, अजून ठरत नाही.