विक्काच्या पुस्तकाबाबत इवाईबुवांस खुलासा

सौंसर,
मंगळवार, दुपार

आदरणीय इवाईबुवा हिरामणजी यांना मोतीरामचा सप्रेम जय भीम.

आपल्या संत्र्याला यंदा बहार चांगला धरला असं समजलं, जिवाला बरं वाटलं. विहीणबाईंचा खोकला कसा आहे? (औषधाची बाटली पूर्ण संपवायला सांगा. अर्धी ठेवून द्यायची सवय आमच्याकडेही आहे.) इकडे आम्ही सगळे मजेत. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी खरोखर मजेत आहे म्हणून लिहून राहिलो. फोनच करणार होतो, पण आपलं दोघांचं फोनवरचं बोलणं "आवाज येऊन राहिला का" याच्या पुढे कधी गेलं नाही, आणि ही गोष्ट लांबलचक आहे.

आपण परवा सागरला विचारलं म्हणे, की तुझा बाप या वयात जादूटोणा शिकून राहिला हे खरं आहे का. पोरगा आधी "नाही" म्हणाला आणि लगेच "म्हणजे तसं नाही" म्हणाला, त्यामुळे आपला संशय वाढलाच असणार. मी तहसीलमध्ये पस्तीस वर्षं बाबूगिरी केलेला माणूस. खुलासा कसा द्यायचा ते मला समजतं. पहिल्यापासून सांगतो.

आपली स्नेहा सून म्हणून आमच्या घरी आली त्याला आठ महिने झाले. पोरगी गुणाची, पण बोलणं तोळ्या-माशानं. सागर सकाळीच बोरगावच्या कारखान्यात जातो, तो दिवे लागल्यावर येतो. दिवसभर घरात मी, आमची सौ., माझी म्हातारी यमुनाआत्या आणि स्नेहा, अशी चार माणसं. आणि आवाज फक्त टीव्हीचा. तिचा वाढदिवस जवळ आला तेव्हा मी विचारलं, "बाई, काय आणू तुले?" दोनदा "काही नको बाबा" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर हळूच म्हणाली, "एक पुस्तक पाहिजे होतं. विक्काचं. नवीन शिकणाऱ्यासाठी असते ते." मला ऐकू आलं टिक्का. मी बाजारातून पनीर टिक्क्यापासून सुरू होणारं स्वयंपाकाचं रंगीत पुस्तक आणलं. पोरीनं दोन दिवस आम्हाला टिक्का करून खाऊ घातला. (उत्तम झाला होता. आपल्याकडे कधी केला नसेल तर करायला सांगा.) तिसऱ्या दिवशी सागरनं हसत हसत सांगितलं, "बाबा, टिक्का नाही, विक्का. तिकडे परदेशात चेटकिणींचा एक धर्म आहे, त्याचं पुस्तक."

इवाईबुवा, माझ्या हातातला घास तसाच राहिला. रामाकोना ते पांढुर्णा, किती गावांत मी अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या मंडळातर्फे जिभेवर कापूर जाळून दाखवला, लिंबातून रक्त काढून दाखवलं आणि लोकांना सांगितलं, की बाबांनो, यात काही नाही, केमिस्ट्री आहे. आणि त्या माझ्या घरात सून चेटूक मागून राहिली!

पण खरी गोष्ट याच्या मागची आहे, आणि ती सोयरीक करताना मी आपल्याला सांगितली नाही. लपवली असंच म्हणा. माझी यमुनाआत्या आमच्या जुन्या गावात बायांची बाळंतपणं करायची, झाडपाला द्यायची. चाळीस वर्षांपूर्वी पाटलाच्या गल्लीतलं एक लेकरू तापानं गेलं आणि गावानं बोट आत्यावर ठेवलं. करणी करते म्हणाले. तिला विहिरीवर येऊ देईनात, दारावर दगड पडले. माझ्या वडलांनी तिला बैलगाडीत घालून सौंसरला आणली, ती इथंच राहिली. कुणाला एका पानाचं नाव सांगितलं नाही तिनं पुन्हा. आमच्या घरात 'चेटकीण' हा शब्द त्या दिवशी सागर बोलेपर्यंत कुणी उच्चारला नव्हता, कार्टून पाहतानाही नाही. माझ्या कापराच्या प्रयोगांचं मूळही तेच. आता आपण म्हणाल, हे आधी सांगायचं. बरोबर आहे. भीती वाटली होती, पोरगी देणार नाही म्हणून.

तर पुस्तक आणायचं, पण आत्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही, असं ठरवून मी नागपूरला गेलो. (नाही म्हणणं सोपं होतं. पण आठ महिन्यांत पोरीनं मागितलेली ती पहिली वस्तू.) दुकानदारानं तीन पुस्तकं समोर टाकली. मी म्हटलं, मी तपासल्याशिवाय घेणार नाही. त्यानं स्टूल दिलं. पहिल्या जाडजूड पुस्तकात आधी सामानाची यादी होती: चांदीचा पेला, काळ्या मुठीची सुरी, कढई, छडी, झाडू, सात रंगांच्या मेणबत्त्या. एवढं सामान तर आम्ही मुलीच्या लग्नात दिलं नव्हतं. बाजूला ठेवलं. दुसऱ्यात तीन दिवसांत रुसलेला प्रियकर परत आणायची हमी होती. अशी हमी आपल्या बसस्टँडच्या मुतारीवर चिकटवलेली फुकट वाचायला मिळते, त्यासाठी पुस्तक काऊन घ्यायचं? तिसरं एका म्हाताऱ्या माळीणबाईनं लिहिलेलं. पहिल्याच पानावर तिनं बजावलं होतं, की आजारी असाल तर हे पुस्तक मिटा आणि आधी डॉक्टरकडे जा. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, कुणाचं वाईट होईल असं काही करू नका. तिसऱ्या पानापासून नुसती झाडं, ऋतू, पौर्णिमेला शांत बसणं. मी अर्धं पुस्तक तिथंच वाचलं. मान वर केली तर कॉलेजच्या चार पोरी भोवती उभ्या. एक म्हणाली, "काका, तुम्ही यातले जाणकार आहात का? आम्ही पहिलं कोणतं घ्यावं?" मी त्यांना तीन कसोट्या सांगितल्या: जे सामान विकते ते नाही, जे हमी देते ते नाही, जे डॉक्टरचं नाव घेते ते. चारही पोरींनी माळीणबाई घेतली. दुकानदारानं मला चहा पाजला आणि शनिवारी येत जा म्हणाला.

घोळ झाला तो परतीच्या बसमध्ये. शेजारी आमच्या गल्लीतले हेमंत मास्तर. पुस्तकाला मी वर्तमानपत्र गुंडाळलं होतं, पण ब्रेक लागला आणि पुस्तक मास्तरांच्या पायाशी उघडं पडलं. मुखपृष्ठावर चंद्र, झाडू आणि टोपीवाली बाई. मास्तर काही बोलले नाहीत. (मास्तर बोलत नाहीत तेव्हा गावात बातमी पक्की होते.) दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कवडू उभा. हा तोच कवडू, ज्याला मी म्हैस हरवल्यावर देवऋष्याकडे जातो म्हणून चौकात झापलं होतं. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "बाबू, म्हैस पुन्हा गेली. तुमच्या पुस्तकात पाहा ना." मी म्हटलं, "लेका, ही कधीची म्हैस?" म्हणाला, "मागच्या महिन्यात जामसांवलीजवळून आणली." मी म्हटलं, मग जुन्या मालकाच्या गोठ्यात पाहा, पुस्तक कशाला पाहिजे. म्हैस तिथंच होती. आता कवडू गावभर सांगून राहिला, की बाबूनं पुस्तक न उघडताच सांगितलं! आपल्या पांढुर्ण्यापर्यंत जे पोचलं ते हे.

आणि त्या गडबडीत जे व्हायला नको तेच झालं. मी अंगणात कवडूला हाकलत होतो, आत आत्यानं मी पलंगावर विसरलेलं पुस्तक उचललं. तिला वाचता येत नाही, पण झाडूवाली बाई ओळखायला वाचावं लागत नाही. मी आत गेलो तर तिनं ते माझ्यासमोर धरलं. "हे कोणाचं?" मी खोटं बोलायच्या तयारीत होतो. तेवढ्यात स्नेहा म्हणाली, "माझं आहे आजी." आणि तिच्याजवळ बसली. स्नेहाला जुनं काहीच माहीत नव्हतं. ती सरळ सांगत गेली, की तिकडे बाया स्वतःहून म्हणतात, मी चेटकीण आहे. नोकऱ्या करतात, पोरं वाढवतात आणि पौर्णिमेला जमतात.

आत्यानं विचारलं, "सोताहून म्हंतेत?"

"हो आजी."

"आन् लोक गोटे नाही मारत?"

"नाही. फोटो काढतात."

आत्यानं पुस्तक मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "पाय वं माय. मले तं गावानं फुकटातच बनवलं. पुस्तक बी नाही देलं." आणि हसायला लागली. अशी हसली, की आमच्या सौ. पाणी घेऊन धावल्या. चाळीस वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले आणि मग तिनंच स्नेहाला सगळं सांगितलं, विहीर, दगड, बैलगाडी, सगळं. स्नेहा रडली. मी पंपाची मोटर पाहायला म्हणून बाहेर गेलो. (मोटर बंदच होती.)

संध्याकाळी मी पोरीला विचारलं, तुझा खरंच यावर विश्वास आहे का? म्हणाली, "मंत्राबिंत्राचं काही नाही बाबा. त्या बाया एकमेकींजवळ बसतात, झाडांची नावं शिकवतात, ते आवडलं. इथं मला बसायला कोणी नव्हतं." घरात तीन माणसं असून तिला कुणी नव्हतं, हा दोष पुस्तकाचा नाही.

आता दुपारी टीव्ही बंद असतो. दोघी अंगणात बसतात. आत्या पाला हातात घेऊन नाव सांगते, कशाला लागतो, कुठं लागत नाही ते सांगते, स्नेहा वहीत लिहून घेते आणि चित्र काढते. माळीणबाईचं पुस्तक शेजारी उघडं असतं; आत्याच्या मते त्या बाईला निम्मंच येते.

तरी गैरसमज नसावा, कृपा असू द्यावी. विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
मोतीराम

ता. क. आपण येत्या रविवारी येऊन स्नेहाला महिनाभर माहेरी नेणार असं कळलं. पोर आपली आहे, मी कोण अडवणारा. पण आत्या आता कुठं एकविसाव्या झाडावर आली आहे आणि तिचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. नेणं जरा लांबवता आलं तर पाहावं. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं.

आणखी एक. माळीणबाईच्या पुस्तकात पान एकेचाळीसवर घरात बोलणं वाढावं म्हणून खिडकीत पांढरी मेणबत्ती लावायला सांगितली आहे. परवा लाइट गेली होती, म्हणून मी लावली. लाइट आल्यावर विझवायची राहून गेली. हे कृपया पांढुर्ण्याच्या मंडळात कुणाला सांगू नये.

आणि हे आत्या सांगून राहिली, तसंच लिहितो: "पोरीच्या मायले घेऊनच या. आमी दोघीच आहो, आन् पुस्तकातल्या चित्रात तिघी जणी काढल्या हायेत."