टाचेवरचा बिबा

१२ मे, मंगळवार

आज ताईला चामडीच्या ओपीडीत दाखवलं. माझ्या पोरीचं साक्षगंध होऊन दहा दिवस झाले, बाकी पाहुणे गेले, ताई तेवढी राहिली. तळेगावला परत जायला टाच टेकली पाहिजे ना. काळी, चिंचोक्याएवढी भोवरी. तीही भोवरीच म्हणत होती, मीही तेच. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी मीच बिबा लावला. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, टाचेवर टेकवलं. आई लावायची तसंच. ताईनं हूं की चूं केलं नाही. आठवड्यात वरची चामडी गेली, खड्डा पडला, आता मोज्याला रक्त लागतं.

डॉक्टर नवीन, पोरगेलेसे. विचारलं, "यावर काही लावलं होतं का?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही.

का म्हटलं? अठ्ठावीस वर्षं याच दवाखान्याच्या तळमजल्यावर मी गाठींचे पापुद्रे काढतो. रोज कॅन्सर हाताखालून जातो. तो गजानन घरी जाऊन बहिणीला बिबा लावतो, हे चारचौघांत कसं सांगायचं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

टाचेचा तुकडा काढला. केसपेपरवर लिहिलं गेलं : आधी काही लावले – नाही.

१३ मे

ताईच्या तुकड्याची बरणी आली. बरण्यांवर नावं असतात हे मला ठाऊक आहे, पण मी नंबर वाचतो. नावं वाचत बसलो तर हात चालायचा नाही. आज नाव वाचलं. डॉक्टरांनी ताईचं वय पाच वर्षांनी कमी लिहिलंय. तिनंच सांगितलं असणार.

तुकडा यंत्रात लावला. रात्रभर त्यातलं पाणी जाईल, मेण शिरेल. घरी गेलो तर ताई माझ्यासाठी वांग्याचं भरीत करून बसलेली, पाय पाटावर. कसला तुकडा, कुठं गेला, काही विचारलं नाही. भरीत तिखट होतं.

१४ मे

या उन्हात मेण ऐकत नाही. ठोकळे बर्फावर ठेवून कापावे लागतात. पंखा बंद, कारण वाऱ्यानं पट्टी उडते. घाम डोळ्यात.

मेणाची पट्टी कोमट पाण्यावर सोडली की हळूहळू पसरते, सुरकुत्या जातात. ही वेळ माझी. तेव्हा कोणी हाक मारली तरी मला ऐकू येत नाही, असं खात्यात सगळे म्हणतात. आज ताईची पट्टी पाण्यावर होती. मी सहा वर्षांचा, ती सोळाची, पहाटे वावरात चाललेलो. ती पुढं, मी मागं. धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, एकामागं एकच जाता येतं. मला बाकी काही दिसायचं नाही, नुसत्या तिच्या टाचा. ओल्या मातीत उमटायच्या आणि मी त्यावर पाय देत जायचो. माझा पाय तिच्या पावलात दोनदा बसला असता. किती वेळ गेला कोण जाणे. पट्टी जास्त पसरली. दुसरी कापली.

काचेवर घेऊन रंगवली. जांभळा आधी, मग गुलाबी. मायक्रोस्कोपखाली पाहिली. पाहायचं माझं काम नाही. काळं दिसलं, आणि ते खाली उतरलेलं होतं.

१५ मे

काचा तपासणाऱ्या मॅडमनी सांगितलं. मेलॅनोमा. चामडीचा काळा कॅन्सर, तळपायाचा.

मी म्हटलं, माझी बहीण आहे. मॅडम दक्षिणेकडच्या, इथं आल्यावर मराठी शिकल्या, पुस्तकातली बोलतात. "आपण मला आधी का नाही सांगितलं, गजाननराव?" एवढंच म्हणाल्या. मग स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण स्टुलावर बसल्या. पेशंटसमोर असं करतात म्हणे. मला ते आवडलं नाही.

हाच मॅडमच्या अभ्यासाचा विषय. तळपायाचे असे सगळे रुग्ण त्या गोळा करतात. कोण वाचतं, कोण नाही, ते आधी कशावरून कळेल? त्यासाठी एक फॉर्म. जाडी किती. वर व्रण आहे की नाही. पेशी किती वेगानं फुटतायत. जांघेत गाठ आहे का. दुखणं कधी सुरू, दवाखान्यात कधी. चार वर्षं त्या काचा मीच तयार केल्या. व्रण असला म्हणजे पुढचं वाईट, हे मला पाढ्यासारखं पाठ.

ताईच्या फॉर्मवर व्रणापुढं "आहे" वर खूण झाली. मी शेजारी उभा होतो. पेन मॅडमचं होतं, खूण माझी.

१६ मे, शनिवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात काचेत चाललो होतो. खालची जमीन गुलाबी, मऊ, वर जांभळे दाणे पेरलेले. दूर एक काळं तळं. पाय थंड. कोणाची तरी वाट पाहत होतो आणि मला अजिबात घाई नव्हती. उठलो तर उशी घामानं भिजलेली, शोभा चहा घेऊन उभी. "उभ्या उभ्या झोपायचे, आता निजून बी झोपाले लागले तुमी," म्हणाली. संसाराला इतकी वर्षं झाली, बायकोनं माझी झोप कधी मनावर घेतली नाही.

ताई ओसरीत पालक निवडत होती. दुखण्याचं नाव तिला काल सांगितलंय. शोभा रडली, ताई नाही. आज आपणच बोलली.

"नाल्याकडल्या वावरात तुया भाऊजीनं गड्डे खणून ठेवले. औंदा संत्रा लावा म्हणते."

"मग लाव ना."

"संत्र्याले फळ याले पाच-सहा वर्सं. वांगं तीन महिन्यात तोडाले येते. संत्र्यात वांगं जमत नाई, एकाचा रोग दुसऱ्याले लागते. एकच काहीतरी लावा लागते." पालकाची काडी मोडून तिनं बाजूला टाकली. "तू त रोज हेच कापत रायतं. मले सांग, लावू काय संत्रा?"

तीस वर्षं तिनं आर्वीच्या बाजारात वांगी विकली. गिऱ्हाइकानं वांगं हातात घ्यायच्या आधी तिला कळतं तो घेणार की नाही. तिला काय सांगायचं. "मॅडमले पुसतो," म्हटलं.

"पुसजो," म्हणाली. पालक निवडत राहिली.

१७ मे

रविवार. काही नाही. ताईच्या पायाची पट्टी बदलली. खड्ड्याच्या कडा पाहिल्या. हा खड्डा माझा की कॅन्सरचा?

तो माझा असेल तर मॅडमची खूण खोटी. खोटी असेल तर ताईचं इतकं वाईट नाही. दिवसभर हेच.

१८ मे, सोमवार

सांगून टाकलं.

मॅडम मायक्रोस्कोपवर होत्या, मान वर न करता ऐकत होत्या. बिबा म्हटल्यावर वर पाहिलं. बिबा म्हणजे काय? आता हे कसं सांगायचं. काळं फळ, झाडाचं. तेल जाळतं. काटा मोडला, भेग पडली, भोवरी झाली की आमच्याकडे लावतात. धोबी कपड्यावर खूण करायला वापरत.

"केसपेपरवर तर 'नाही' लिहिलं आहे."

"मीच सांगितलं तसं."

"का?"

"लाज वाटली, मॅडम."

रागावतील वाटलं होतं, तयारीनं गेलो होतो. त्या नुसतं म्हणाल्या, "उद्या मला तो घेऊन या." आज एकही ठोकळा कापला नाही. दिवसभर फक्त रंग भरून ठेवले.

१९ मे

कागदात बांधून दोन बिबे नेले. हात लावू नका, अंगावर उठेल, बजावलं. मॅडमनी चिमट्यानं उचलून उजेडात धरला, लहान पोर गारगोटी पाहतं तसं.

मग काच परत पाहिली. बराच वेळ. खरा व्रण गाठ स्वतः आतून खाऊन करते, जळलेला वेगळा असतो, कडेला थोडं कळतं, असं म्हणाल्या. इथं दोन्ही दिसतंय. नक्की सांगता येत नाही.

मी म्हटलं, म्हणजे खूण काढायची?

"खूण काढू. पण गजाननराव, वरचा थर बिब्यानं गेला असेल, तर आपण मोजलेली जाडीसुद्धा पूर्ण नाही. ती कमी मोजली गेली."

एक वाईट खूण पुसायला गेलो होतो, दुसरी घेऊन आलो. आता फॉर्मवर व्रणापुढं "सांगता येत नाही" आणि जाडीपुढं "किमान". मॅडमच्या अक्षरात "किमान" हा शब्द फार सुबक दिसतो.

आता टाच रुंद कापून काढतील, मांडीची चामडी लावतील. त्याच वेळी जांघेतली एक गाठ काढून पाहतील. तिथं काळं पोचलं असेल तर पुढचा रस्ता वेगळा, नसेल तर वेगळा. संत्र्याचं उत्तर त्या गाठीत आहे, असं मी मॅडमना म्हटलं. त्यांना संत्र्याचं सगळं सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "अर्धं उत्तर."

२३ मे, शनिवार

मॅडमनी जुने फॉर्म काढले. सगळ्यांवर "आधी काही औषध लावले का" याच्यापुढं नाही, नाही, नाही. अर्थात. बिब्याला औषध कोण म्हणतं? कोणी विचारलंच नाही, आणि ज्याला विचारायचं सुचायला हवं होतं तो शेजारी उभा राहून काचा देत होता.

तर आता फोन माझ्याकडे. मॅडमची पुस्तकातली मराठी ऐकून लोक फोन ठेवतात. पहिला लागला समुद्रपूरकडचा. "बिबा लावला व्हता काय जी, टाचेले?" "हो ना. एकदा नाई, तीनदा." हसत होता माणूस. चार वर्षं झाली, अजून जाम गावच्या चौकात संत्री विकतो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी उगाचच खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि सगळं फार लांब वाटत होतं.

दुसरा फोन सुनेनं उचलला. "बुढा त गेला जी. मागच्या पोळ्याले." बिबा लावला होता का, हे मग कसं विचारायचं. तिनंच विचारलं, काय काम होतं. मी म्हटलं, काही नाही, तब्येत विचारायची होती.

मॅडमनी त्या नावापुढं काय लिहायचं विचारलं. मी म्हटलं, विचारलं नाही. त्यांनी तसंच लिहिलं.

२९ मे

ताईला आज सांगितलं, की मी मॅडमना खरं सांगितलं. ओसरीत बसून होती. "मंग आता तरी नीट मोजलं काय त्यायनं?" मी "किमान"चं सांगितलं. समजलं की नाही कळलं नाही. म्हणाली, "बिबा मीच लावाले सांगतला तुले, गजू. तू त नाई म्हणत व्हता."

हे खरं नाही. मी नाही म्हणत नव्हतो. तिला ते पक्कं आठवतं, आणि ती ही आठवण मला देऊन टाकते आहे. मी घेतली नाही. पण परतही केली नाही.

८ जून, सोमवार

ऑपरेशन झालं. चार तास. मी खाली काम करत होतो, वर जायचं धाडस नव्हतं. शोभा वर बसली. दुपारी दोन बरण्या आल्या. मोठीत टाच, छोटीत जांघेतली गाठ, हरभऱ्याएवढी. खात्यातला दुसरा माणूस म्हणाला, आज मी घेतो. त्याला दिल्या नाहीत.

मॅडम रात्रीच्या गाडीनं गावाला. आईचं काहीतरी. पुढच्या सोमवारी येणार.

११ जून

ताई वॉर्डात बसून जेवली. पाय उंच बांधलेला. बाजूच्या बाईला वांग्याचे भाव सांगत होती. भाव सांगायला लागली म्हणजे बरी आहे.

गाठीचा ठोकळा झाला. बर्फावर ठेवला. उद्या कापीन.

१२ जून

कापली. इतकी पातळ पट्टी बऱ्याच दिवसांत आली नव्हती. पाण्यावर सोडली, ती पसरली, मी तिच्याकडे पाहत राहिलो. आज काही आठवलं नाही, काही दिसलं नाही. नुसतं पाणी आणि पट्टी. फार शांत वाटलं. असं का, कोण जाणे.

१३ जून, शनिवार

काच तयार. खोलीत कोणी नाही. मॅडमची खुर्ची रिकामी, मायक्रोस्कोप मोकळा. गाठ वाचायला मला कोणी शिकवलेलं नाही, पण अठ्ठावीस वर्षांत काळं ते काळं कळतं. बसलो. काच लावली, दिवा लावला. मग दिवा बंद केला आणि वर गेलो.

ताईच्या हातात फोन. "बरं झालं आला. नर्सरीवाला भाऊजीले पुसून राह्यला. आज सांगा म्हणते, किती कलमं."

मी म्हटलं, "सारं वावर लाव."

"काच पाह्यली काय तू?"

"नाई."

"मंग?"

मी खिडकीकडे वळलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भाऊजींना फोन लावला. "आयका. अर्ध्या वावराची कलमं सांगा. अर्ध्यात वांगे लावू, मधात धुरा टाकून." फोन ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला.

"तुयं बी ठेवलं, मायं बी ठेवलं," म्हणाली. "जाय आता खाली. कामाच्या वक्ती वर येत नको जाऊ."

खाली आलो. काच ट्रेमध्ये ठेवली. मॅडम परवा येतील.