काळ्या करकोच्याची दुसरी साक्ष

औरंगाबाद,
२ मार्च १९८८

श्री. तात्यासाहेब भाऊजींस, वहिनीचे अ. उ. आ.

त्या सकाळी मी बंब पेटवून, नळाचं पाणी भरून भाकरी थापत होते. गच्चीवरून तुमच्या दादांची हाक आली, काळा करकोचा चाललाय, लवकर वर ये. मी भाकरी उलटली. जरा वेळानं त्यांनी विचारलं, पाहिलास ना? तव्यावरची नजर न काढता मी हो म्हटलं. एकतीस वर्षं मी असंच हो म्हणत आले. तेवढ्यावर संसार चालतो. आता कळतंय, पुस्तकंही चालतात.

कारण त्यांच्या पक्षीमंडळाचं पत्र आलंय. जिल्ह्यातल्या पक्ष्यांचं पुस्तक छापताहेत. दुर्मिळ पक्षी असेल तर तो दोन माणसांनी पाहिलेला लागतो म्हणे. दादांच्या वहीत काळ्या करकोच्यापुढं दुसरी साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. महिनाअखेर सही करून पाठवा, नाहीतर नोंद वगळू, असं लिहितात. सही केली तर मी खोटी, नाही केली तर त्यांचा पक्षी जातो. गेल्या आषाढात ते स्वतः गेले, तेव्हा कुणी माझी सही मागितली नव्हती.

काय करू ते कळवा. एरवी तुम्ही न मागता सल्ला देता, यावेळी मागून घेते.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

द्वारका

कन्नड,
९ मार्च १९८८

ती. गं. भा. वहिनींस, तात्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडं ठीक. ऊस कारखान्यात आणि तुमची जाऊ माहेरी गेल्यामुळं घरात शांतता आहे.

सही करा आणि मोकळ्या व्हा. करकोचा काय कोर्टात उभा राहून तुमची उलटतपासणी घेणार आहे? दादा खोटं लिहिणारा माणूस नव्हता. त्यानं लिहिलं म्हणजे पक्षी होता. पुस्तकात आपलं आडनाव येणार म्हणून मी इथं चार लोकांत सांगून बसलोय. आता माघार घेतलीत तर माझं नाक नाही का कापलं जाणार? अगदीच रुखरुख वाटत असेल तर एकदा तो पक्षी बघून या, मग करा सही. कोणत्या साली पाहिला, हे कोण विचारतंय?

पायाशी जागा असू द्यावी.

तात्या

औरंगाबाद,
२२ मार्च १९८८

भाऊजींस अ. उ. आ.

तुमचा सल्ला पाळला. रविवारी मंडळाच्या जीपमधून पक्षी मोजायला गेले. सोबत नजमाआपा होत्या. शाळेत विज्ञान शिकवतात, तुमच्या दादांच्या हाताखाली पक्षी शिकल्या. पहाटे हिमायतबागेत हळद्या आणि तांबट दिसले. मग खुलताबादच्या उतारावर फुललेल्या पळसात भोरड्यांचा थवा, एवढा कलकलाट मी आपल्या घरच्या वाटण्यांनंतर प्रथमच ऐकला. भर उन्हात दौलताबादमागच्या माळावर धाविक नावाचा मातकट पक्षी होता. आपा बोट दाखवत होत्या, मला माती दिसत होती. शेवटी जायकवाडीचं पाणी. तिथं रोहित पक्षी एका पायावर उभे, एसटीची वाट बघत असल्यासारखे.

तुमचा करकोचा आला नाही. कन्नडहून त्याला निरोप पोचला नसावा.

ऊन उतरल्यावर आपांनी आभाळाकडं हात करून विचारलं, दिसला ना भाभी? मी डब्यातल्या दशम्या वाटत होते. हो म्हणाले. त्यांनी लगेच कागदावर माझं नाव घातलं. मग मी मान वर केली, तर आभाळ रिकामं. कसला पक्षी होता तेही मला ठाऊक नाही. मी नाव खोडायला लावलं, तर आपा हसल्या. म्हणाल्या, सर सांगायचेच, आमची बाई खालूनच हो म्हणते, वर काही येत नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. तरी वहीत माझं नाव लिहिलं. कधी खोटं न लिहिणाऱ्या तुमच्या दादांनी एवढं एक लिहिलं. मी गच्चीच्या अकरा पायऱ्या चढले असते, तर ते खरं झालं असतं.

नाकाला जपा. राग आलाच तर लवकर उतरू द्यावा.

द्वारका

ता. क. सहीचं सांगायचं राहिलं. सोमवारी मी मंडळाला लिहून कळवलं की काळा करकोचा मी पाहिलेला नाही, नोंद वगळावी. वहीतलं माझं नाव मात्र खोडलं नाही.