जगातल्या अकरांपैकी चौथी

५ फेब्रुवारी २००६, रविवार.
जुन्या गाड्यांच्या रॅलीत लाल इटालियन स्पोर्ट्स कार! जगात फक्त अकरा. मालक प्रकाशजी म्हणाले, ही सातवी. मी बॉनेटखाली डोकं घालून चेसिस नंबर वाचला, डाव्या दाराचे रिव्हेट मोजले. चौथी! विम्याच्या मोटार खात्यात सतरा वर्षं उगीच नाही काढली. प्रकाशजींनी बॉनेट लावून घेतलं. सत्य पचायला वेळ लागतो.

७ फेब्रुवारी.
येत्या रविवारी इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान : ‘गाडी ओळखा, स्वतःला ओळखा’. अध्यक्ष आनंदराव खूश झाले, तर १ मेचं मुख्य भाषण माझं. तीन वर्षं ते शेषरावांना देतात. शेषराव कागदात बघून बोलतात!

९ फेब्रुवारी, सकाळी ६.
गच्चीवर सराव. दूधवाल्या भैयाने शालनला विचारलं, साहब ठीक तो हैं?

१२ फेब्रुवारी, रविवार.
गाजलं! टेबलावर मूठ आपटून म्हणालो, रंग फसवतो, आकार फसवतो, नंबर फसवत नाही! हजार गाड्यांत माझी गाडी मी डोळे मिटून ओळखीन! टाळ्या.
निघताना किल्ली जरा अडली, पण फिरली. शालन म्हणाली, अहो, आपल्या गाडीत हा गणपती नव्हता. म्हटलं, भारावलेल्या श्रोत्याने ठेवला असेल.

१३ फेब्रुवारी.
मंडळाच्या दारातून आनंदरावांची पांढरी गाडी चोरीला! त्यांनी मलाच फोन केला. १ मे पक्का. हवालदार सुखदेवजींना अर्धा तास चोराचं मानसशास्त्र समजावलं. मंडळापाशी एक बेवारस पांढरी गाडी उभी आहे म्हणे. चोराचीच! म्हटलं, दार तोडा, झडती घ्या.

१४ फेब्रुवारी.
ऑफिसला जाताना सीटखाली आनंदरावांचा चष्मा सापडला. माझ्या गाडीत कधी बसले होते?

१५ फेब्रुवारी, सकाळी ७.३०.
सुखदेवजी दारात. फाटकातल्या गाडीचा नंबर वाचला, कागदाशी ताडला, आणि मला विचारलं, आपकी गाड़ी का नंबर? मला लाल गाडीचा आठवला. शालनने किराण्याच्या वहीतून आमचा वाचून दाखवला.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
दार तोडलेली आमची गाडी चौकीवरून आणली.
आनंदरावांचा फोन. १ मेला शेषराव बोलतील. म्हटलं, निदान पार्किंग तरी सांभाळतो. म्हणाले, तिकडे फिरकूसुद्धा नका. रिक्षाने या, आणि वहिनींना घेऊन या. परतीची रिक्षा त्या ओळखतील.